आबाजींची पाठशाळा, रमण्यातली दक्षिणा आणि एक फॉर्म

मागच्या वेळी आपल्या छोट्या रेल्वेवर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी "सौंसरच्या जुन्या घरांबद्दल लिहा" असं सांगितलं. आज आमच्याच घराबद्दल लिहितो. पण गाडी मधेच पुण्याला जाईल, ठाण्यालाही थांबेल. लांबलंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

निमित्त झालं पुतण्याच्या फोनचं. तो पांढुर्ण्याला असतो, संत्र्याचा बगीचा आणि खताचं दुकान सांभाळतो. त्याचा धाकटा मुलगा तेरा वर्षांचा. दोन वर्षांपासून बाहेरगावी एका वेदपाठशाळेत आहे. हट्ट त्याचा स्वतःचा, आईबापाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथून फॉर्म आला होता. सरकारी योजनेतून मुलाला दरमहा छात्रवृत्ती मिळायची, त्यावर पालकाची सही हवी होती. पुतण्याने विचारलं, "काकाजी, घ्यायचं का?"

आता यात विचारण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. सरकार पैसे देते, मुलगा शिकतो, सही करून मोकळं व्हावं. पण आमच्या घरात हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलेला आहे. तेव्हा जे उत्तर दिलं गेलं, त्यावरून माझे वडील आणि आबाजी, म्हणजे माझे आजोबा, शेवटपर्यंत नीट बोलले नाहीत. पुतण्याला हे अर्धवट ठाऊक होतं, म्हणून त्याने फोन केला.

आबाजी सौंसरच्या जुन्या वस्तीत राहायचे. भिक्षुकी करायचे आणि ओसरीवर पाच-सहा पोरांना संहिता शिकवायचे. पाठशाळा म्हणायची म्हणून पाठशाळा, पाटी नव्हती. पहाटे चारला पोरं उठायची, आणि आम्ही नातवंडं गोधडीत तोंड खुपसून तो एकसुरी घोष ऐकत परत झोपायचो. शिकवण्याचे आबाजी पैसे घेत नसत. मनुस्मृतीत पैसे ठरवून वेद शिकवणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीत बसवू नये असं आहे, आणि त्याच ओळीत पैसे देऊन शिकणाऱ्यालाही बसवू नये असं आहे. हे ते फार सांगत. दक्षिणा काम संपल्यावर येते, तीही देणाऱ्याच्या मनाने. पगार महिना संपल्यावर येतो. हा त्यांचा हिशेब.

मग पोरं खायची काय? इथे गावाची गोष्ट येते. आपल्याकडे १९५१ पर्यंत मालगुजारी होती. गावच्या मालगुजाराकडून पाठशाळेला वर्षाची ज्वारी आणि हरभरा यायचा. बाकी पोरं माधुकरी मागायची. शिवाय खळ्यावर धान्य निघालं की कुणब्यांच्या, पवारांच्या, माळ्यांच्या घरून आबाजींची पायली ठरलेली. त्या बदल्यात लग्न, वास्तू, मरण, काही असो, रात्री दोनला बोलावलं तरी आबाजी जाणार. देणारा कोण, त्याचा बाप कोण, त्याच्या घरी औंदा काय पिकलं, सगळं त्यांना माहीत. धान्य कमी आलं तर का कमी आलं तेही माहीत.

पण खरं सांगायचं तर ही व्यवस्था वाटते तेवढी गोड नव्हती. धान्य देणाऱ्याचं पोरगं त्या ओसरीवर शिकायला बसू शकत नव्हतं. पायली सगळ्यांची चालायची, पाठ मात्र एकाच जातीच्या पोरांना. लहानपणी मला हे दिसलं नाही. माझ्या वर्गातला, पाटील मास्तरांच्या शेजारी राहणारा एक मित्र एकदा सहज म्हणाला, "आमच्या घरची ज्वारी खाऊन तुमच्या इथे गातेत, आम्ही गेलो त काऊन हाकलतेत बाबू?" मला उत्तर देता आलं नाही. आजही चांगलं उत्तर नाही.

मालगुजारी गेली आणि हळूहळू मालगुजाराचं धान्य थांबलं. १९५६ला आपण नव्या मध्य प्रदेशात आलो, नागपूर तिकडे राहिलं, कचेरीची भाषा हिंदी झाली. साधारण १९६२ची गोष्ट असेल. तहसीलमधले एक भले अधिकारी घरी आले. त्यांनी सांगितलं की संस्कृत शिकवणाऱ्यांना सरकारकडून काही मदत मिळू शकते, अर्ज करा, पोरांची यादी द्या, हजेरीचं रजिस्टर ठेवा, वर्षातून एकदा तपासणी होईल. आबाजींनी त्यांना गूळपाणी दिलं, फाटकापर्यंत पोचवलं आणि अर्ज केला नाही. वडिलांनी कारण विचारलं तर म्हणाले, "रजिस्टर ठेवलं की पोरं रजिस्टरसाठी येतील. मग मीबी रजिस्टरसाठीच शिकवीन."

चार वर्षांत पाठशाळा बंद पडली. दुष्काळाची वर्षं होती ती, माधुकरी घालणाऱ्या घरांतच चूल पेटायची मारामार. एक पोरगा नागपूरला कंपाउंडर झाला, एक रेल्वेत लागला, एक जण कुठे गेला ते कळलंच नाही. आबाजींना जे पाठ होतं ते त्यांच्याबरोबर १९७१ला गेलं. आमच्या सौंसरात त्यांच्या पद्धतीने म्हणणारा त्यांच्यानंतर कोणी राहिला नाही.

वडील शाळामास्तर होते, सरकारी पगारावर. त्यांचं म्हणणं साधं होतं. मी मुलांना गणित शिकवून सरकारचा पगार घेतो तो पाप नाही, मग तुम्ही वेद शिकवून घेतला तर पाप कसं? तुमच्या सोवळ्यापायी विद्या मेली. आणि चिडले की ते रमण्याचा टोमणा मारायचे. "आपले पूर्वज पुण्याला रमण्यात कोंडून घ्यायला जात होते, तेव्हा कुठे गेला होता हा ताठा?"

आमच्या घरी अशी दंतकथा आहे खरी. खापरपणजोबांच्या आधीचे कोणी एक पुरुष श्रावणात पायी पुण्याला गेले आणि पेशव्यांची दक्षिणा घेऊन दिवाळीला परत आले. कागद एकही नाही. पण रमणा मात्र खरा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. निवृत्तीनंतर मी यावर बरंच वाचलं, कारण टोमण्याचं मूळ काय ते मला पाहायचं होतं.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावच्या दाभाडे सेनापतींकडे होती. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाकडून मारले गेले. त्यानंतर ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात आपल्याकडे घेतली. म्हणजे सुरुवातीलाच तिच्यात राजकारण आहे बघा. ज्याचा सेनापती पाडला, त्याचं पुण्यही आपल्या नावावर करून घेतलं. पुढे नानासाहेबांच्या काळात ती एवढी वाढली की एका श्रावणात लाखो रुपये वाटले जाऊ लागले आणि काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण पुण्याकडे चालू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी भिंत घातलेलं मोठं आवार होतं, तोच रमणा. ब्राह्मणांना आत घ्यायचे, दारं लावायची, आणि मग एकेकाला बाहेर सोडताना हातावर दोन-चार रुपये ठेवायचे. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून हा बंदोबस्त. खऱ्या विद्वानांची गोष्ट वेगळी. त्यांची शास्त्र्यांपुढे परीक्षा व्हायची आणि त्यांना जास्त रक्कम मिळायची.

मी आयुष्यभर बँकेत काउंटरच्या आतून माणसं पाहिली. रमण्याचं वर्णन वाचताना मला आमच्या शाखेतली पेन्शनच्या पहिल्या तारखेची रांग आठवली. एवढ्या लोकांना एकाच दिवशी पैसे द्यायचे म्हटलं की देणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, डोकी दिसतात.

रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट सांगतात. दक्षिणा वाटण्याच्या कामावर शास्त्रीबुवा असताना त्यांचे सख्खे भाऊ समोर आले. नाना फडणीस शेजारी होते, ते म्हणाले, यांना वीस रुपये देऊ. रामशास्त्री म्हणाले, यांची विद्या बेताची, इतरांना दोन तर यांनाही दोनच, आणि माझा भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. लहानपणी ही गोष्ट निःस्पृहतेची म्हणून ऐकली होती. बँकेत गेल्यावर तिचा दुसरा अर्थ लागला. सरकारचा पैसा आणि माझा पैसा ही दोन खाती आहेत, आणि ती एकत्र करायची नाहीत.

मात्र हा लाखो रुपयांचा पैसा कोणाचा, हा प्रश्न रमण्याच्या भिंतीच्या आत कोणी विचारला असेल असं वाटत नाही. तो शेतसाऱ्याचा होता, चौथाईचा होता. गावोगावच्या कुणब्याने भरलेला.

१८१८ला पेशवाई गेली. कंपनी सरकारने दक्षिणा एकदम बंद केली नाही. एल्फिन्स्टन हुशार माणूस. सगळी बंद केली तर पुण्यात असंतोष होईल हे त्याला कळत होतं. वर्षाला पन्नास हजार रुपये चालू ठेवले, आणि १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिथे शास्त्र्यांना पगार होता आणि विद्यार्थ्यांना दरमहा वेतन. ज्यांच्या हातून राज्य गेलं त्यांच्याच शास्त्र्यांना जिंकणारा पोसतो आहे, आणि ते घेताहेत. आबाजी असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. पण नुसतं नाक मुरडून चालणार नाही, कारण याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं.

खरा वाद पेटला १८४९ला. दक्षिणेचा पैसा केवळ जुन्या शास्त्र्यांना का, त्यातला काही मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, असा अर्ज पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे त्या बाजूचे. पुण्यात खळबळ उडाली, सह्या करणाऱ्यांना धमक्या आल्या. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. विचार करा, ज्यांना त्या दक्षिणेतला एक पैसा कधी मिळणार नव्हता ते लोक ब्राह्मणांच्या एका गटाला दुसऱ्या गटापासून वाचवायला आले. १८५१ला दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. १८५५ला जोतीरावांनी आपलं 'तृतीय रत्न' हे नाटक तिच्याकडे पाठवलं. एका अडाणी कुणबी नवराबायकोला जोशीबुवा कसे नाडतात, ही त्याची गोष्ट. कमिटीने ते स्वीकारलं नाही. कमिटीतल्या भटांपुढे काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला पाटील मास्तरांच्या शेजारचा तो मित्र आठवला.

याच दक्षिणेच्या पैशाच्या पुढे कॉलेजात फेलोशिपा झाल्या. रा. गो. भांडारकर दक्षिणा फेलो होते, न्यायमूर्ती रानडेही होते. म्हणजे श्रावणातल्या रमण्यातून निघालेला पैसा शेवटी अशा हातांत गेला. पैसा तोच होता. कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे बदललं, आणि ते भांडून बदललं.

आता ठाण्याची गोष्ट. १९८४ ते ८७ मी ठाण्याच्या शाखेत होतो. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्राएली गृहस्थ होते. आडनावाच्या शेवटी आपल्यासारखंच 'कर', घरात अस्सल कोकणी मराठी. त्यांचे वाडवडील रायगडकडे तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. दर शनिवारी ते सुट्टी मागायचे आणि रविवारी येऊन तुंबलेलं काम पुरं करायचे. ठाण्यात त्यांचं १८७९चं सिनेगॉग आहे, तिथे एकदा मला घेऊन गेले. डोक्याला रुमाल बांधायला दिला. बाहेर पडताना मी त्यांना आबाजींची गोष्ट सांगितली.

ते हसले. म्हणाले, "साहेब, तुमचे आजोबा आमच्यात जन्मले असते तर रब्बी झाले असते. आमच्याकडे हाच वाद हजार-दोन हजार वर्षं चालू आहे." त्यांनी सांगितलं की त्यांच्या जुन्या ऋषींनी बजावून ठेवलंय, धर्मशास्त्राची कुदळ करू नका, म्हणजे पोटासाठी खणायला ती वापरू नका. बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाचे फार मोठे पंडित झाले. त्यांनी तर स्पष्ट लिहिलं की जो कामधंदा सोडून नुसतं शास्त्र शिकत बसतो आणि लोकांच्या दानावर जगतो, तो देवाच्या नावाला बट्टा लावतो. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "त्यांचा धाकटा भाऊ जवाहिऱ्याचा व्यापार करायचा, घर त्याच्यावर चालायचं. तो भाऊ आपल्या या हिंदी महासागरात बुडून मेला. मग पंडितजींना वैद्यकी करून पोट भरावं लागलं." मी म्हटलं, म्हणजे तोवर तेही कोणाच्या तरी पायलीवरच होते की! ते म्हणाले, "होय, पण पायली भावाची होती."

उलट बाजूही त्यांनीच सांगितली. चारशे वर्षांनी योसेफ कारो नावाचे दुसरे मोठे पंडित झाले. त्यांनी मायमोनिडीजच्या या मताला हरकत घेतली. पूर्वीच्या ऋषींनीही मदत घेतलेली आहे, आणि शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांना कोणी पोसलं नाही तर शास्त्रच विसरलं जाईल, असं त्यांचं म्हणणं. मला तर माझे वडीलच बोलतायत असं वाटलं.

ते गृहस्थ निवृत्तीनंतर मुलाकडे इस्राएलला गेले. अधूनमधून फोन व्हायचा. तिकडे हा प्रश्न आता पुस्तकातला राहिलेला नाही, असं सांगायचे. १९४८ला देश झाला तेव्हा धर्मशास्त्र शिकणाऱ्या साधारण चारशे विद्यार्थ्यांना सैन्यातून सूट दिली होती. ते आता हजारोंच्या हजारो झालेत, आणि सरकार त्यांच्या पाठशाळांना पैसे देत आलं. जून २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या सुटीला कायद्याचा आधार नाही, आणि सैन्यात जायला पात्र असून न जाणाऱ्यांच्या शिक्षणाचा पैसा सरकारने देऊ नये. माझे मित्र तोवर गेले होते. त्यांचे दोन्ही नातू सैन्यात होते. ते काय म्हणाले असते याचा अंदाज मी करतो, पण लिहीत नाही.

आपल्याकडेही लांब जायला नको. विष्णुबुवा जोगांनी १९१७ला आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली मुलं माधुकरी मागून शिकली. आणि २०२४च्या आषाढीला महाराष्ट्र सरकारने दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये जाहीर केले. काहींनी आनंदाने घेतले. काही म्हणाले, वारी आमच्या पायांनी चालते, अनुदान नको. आमच्या पांढुर्ण्याच्या भजनी मंडळातही त्यावरून खडाजंगी झाली, आणि तीही ज्यांना ते पैसे मिळण्याचा काही संबंध नाही अशा लोकांत! आपण मध्य प्रदेशात, पैसे महाराष्ट्राचे.

इथवर मी शहाण्यासारखं लिहिलं. आता माझ्या स्वतःच्या हातचं सांगतो.

नव्वदच्या दशकात मी एका शाखेचा मॅनेजर होतो. गाव सांगत नाही, राज्यही सांगत नाही. तिथे एक छोटी पाठशाळा होती. मुलांची खाती आमच्याकडे होती आणि त्यांत छात्रवृत्ती जमा व्हायची. रक्कम फार नव्हती. दर तिमाहीला पाठशाळेचे संचालक पंधरा-वीस विथड्रॉवल स्लिपा एकत्र घेऊन यायचे, मुलांच्या सह्या केलेल्या, आणि सगळी रक्कम घेऊन जायचे. सह्या एकाच शाईच्या. थोडं बारकाईने पाहिलं असतं तर एकाच हाताच्याही दिसल्या असत्या. मी पाहिलं नाही. माणूस सज्जन, कपाळाला गंध, मुलं दाराशी नमस्कार करणारी. आणि मनात कुठेतरी आबाजी होते. वाटायचं, यांनी तरी पाठशाळा चालू ठेवली आहे, मी कशाला आडवा येऊ?

एक दिवस एक शेतकरी पोराला घेऊन आला. पोरगा पाठशाळा सोडून घरी निघाला होता. बापाने विचारलं, "साहेब, याच्या खात्यात तीन वर्षांचे पैसे असतील ना? बैल घ्यायचा होता." मी लेजर उघडलं. बारा रुपये काही पैसे शिल्लक होते. पोराला विचारलं, तू कधी सही केलीस? तो म्हणाला, मला सही येत नाही, मला संहिता येते.

बाप काही बोलला नाही. पोराचा हात धरून पायऱ्या उतरला. मी काउंटरच्या आत तसाच उभा राहिलो.

संचालकांना मी बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, उलट डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, त्या पैशातूनच मुलांचं जेवण, कंदील-रॉकेल, आजारपण निघतं, वेगळं काही मिळत नाही, एक पैसा माझ्या घरी गेला असेल तर देवाने शिक्षा करावी. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आजही आहे. पण सही खोटी ती खोटीच, आणि ती पास करणारा मी. पुढच्या तिमाहीपासून मुलांना स्वतः आणा असं मी सांगितलं. दोन महिन्यांत सगळी खाती दुसऱ्या बँकेत गेली. मी वर कळवायला हवं होतं. कळवलं नाही. बदलीची ऑर्डर आली तेव्हा सुटलो असं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आबाजींच्या रजिस्टरच्या वाक्याचा अर्थ मला त्या बारा रुपयांपाशी लागला. आणि त्यांचं कुठे चुकलं हेही तिथेच दिसलं. रजिस्टर मुळात वाईट नसतं. खोटं भरलं की वाईट. आबाजींना भीती होती की ते खोटं भरावं लागेल, म्हणून त्यांनी ते उघडलंच नाही. त्यात कंपाउंडर झालेल्या त्या पोराची विद्या गेली. त्याला कोणी विचारलं होतं का, तुला रजिस्टरमध्ये नाव हवंय का म्हणून? मी स्वतः १९६८ला बी.कॉम.ला नागपूरला गेलो तो सरकारच्या राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्तीवर. नोकरी लागल्यावर हप्त्याहप्त्याने ती फेडली, पावत्या अजून आहेत. आबाजी तेव्हा जिवंत होते. मला त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. कॉमर्सची कुदळ चालते, वेदाची नाही, असा त्यांचा न्याय असावा.

एक गोष्ट गटातल्या मंडळींना स्पष्ट विचारतो, रागावू नका. मदरशातल्या शिक्षकाला सरकारी मानधन मिळतं म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळांच्या भुवया वर जातात. तेच आपण वेदपाठशाळेच्या छात्रवृत्तीचा फॉर्म निमूटपणे भरतो. राज्यघटनेच्या २७व्या कलमात आहे की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कोणावरही कर लादता येणार नाही. २८व्यात आहे की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मोपदेश देता येणार नाही. वेदविद्येला मदत दिली जाते ती जुनी मौखिक विद्या जपायची म्हणून. १९८७ साली केंद्र सरकारने महर्षी सांदीपनी यांच्या नावाने वेदविद्या प्रतिष्ठान काढलं, १९९३ पासून ते आपल्या उज्जैनला आहे, आणि गुरूंना मानधन, विद्यार्थ्यांना छात्रवृत्ती देणं हे त्याचं कामच आहे. विद्या जपणं हे कारण मला पटतं. आबाजींबरोबर काय गेलं ते मी पाहिलंय. पण जो न्याय आपल्याला, तोच दुसऱ्यालाही लागतो.

पुतण्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. चार दिवस घेतले. मग पांढुर्ण्याला गेलो. नातू सुट्टीवर आलेला होता, गोटमारीचा दिवस नुकताच होऊन गेला होता आणि जाम नदीच्या काठावर अजून दगड पडलेले होते. मी त्याला विचारलं, "तुला हे पैसे कोण देतं माहीत आहे का?" म्हणाला, सरकार. म्हटलं, सरकारला कोण देतं? त्याने विचार केला आणि म्हणाला, "बाबा." बापाने खत विकलं की त्यावर जीएसटी भरतो, हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, बाबा देतात, आणि बाबांकडून खत घेणारे सगळे देतात. गोंड टोल्यावरचा माणूस काडेपेटी घेतो तोसुद्धा देतो. त्याला तुझं म्हणणं ऐकायचं असेल तर ऐकवशील का? तो म्हणाला, "गुरुजींना विचारावं लागेल." खरं बोलला, म्हणून मला आवडलं.

मी पुतण्याला सांगितलं, सही कर. पण दोन अटी. खातं मुलाच्या नावाचं आणि चालवायचंही त्यानेच. दहा वर्षांच्या वरच्या मुलाला तेवढी मुभा आहे, मी स्वतः बँकेत येऊन बोलेन. पासबुक त्याच्या पेटीत राहील, कार्यालयात नाही. जेवणाखाण्याचे पैसे पाठशाळेला लागत असतील तर ते मागून घ्यावेत, त्याने स्वतःच्या हाताने काढून द्यावेत आणि पावती घ्यावी. पाठशाळेला हे चालत नसेल, तर फॉर्म परत पाठव आणि त्याचा खर्च मी देतो. पुतण्याची बायको आतून म्हणाली, "काकाजी, तिथले लोक काय म्हणतील?" म्हटलं, काय म्हणतील ते मला कळवा.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन बँकेत गेलो. फॉर्मवर सहीचे नमुने द्यायचे होते. त्याने देवनागरीत सावकाश सही केली. तिसऱ्या वेळी रेघ जरा हलली, तर क्लार्क मुलगी म्हणाली, चालेल. मी म्हटलं नाही, परत करू द्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि सांगायची गरज वाटली नाही. पाठशाळेचं उत्तर अजून आलेलं नाही.

जाता जाता एक विनंती. सौंसर, मोहगाव, पांढुर्णा भागातल्या कोणाच्या घरी मालगुजारीच्या वेळचे धान्य-दक्षिणेचे जुने हिशेब, वह्या, पावत्या असतील, किंवा वाडवडिलांपैकी कोणी पुण्याच्या रमण्याला गेल्याची गोष्ट ऐकली असेल, तर कृपया इथे लिहा. कागदाचा फोटो टाकलात तर फारच बरं. मोडी असली तरी चालेल, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वाचून देतात. आणि १९६०च्या सुमारास आबाजींच्या ओसरीवर शिकलेल्या पोरांपैकी कोणी, किंवा त्यांची मुलं-नातवंडं हे वाचत असतील, तर मला नक्की फोन करा. नंबर ॲडमिनकडे आहे.